पाण्याची हद्द कोणत्या दिवसाची? : साखळीपासून उपग्रहापर्यंत पाणथळ जागांच्या सीमांकनाचा इतिहास (विशेष संदर्भ : खर्डा परिसर व नाथसागर)

बीजसंज्ञा : पाणथळ जागा, हद्द, भूमापन, जीपीएस, गाळपेर, जायकवाडी, खर्डा

प्रास्ताविक

खर्डा हे नाव मराठ्यांच्या इतिहासात ११ मार्च १७९५ या दिवसाशी जोडले गेले आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा येथे एकत्र आल्या आणि निजामाचा पराभव झाला. या लढाईचे राजकीय परिणाम सर्वपरिचित आहेत. तिच्यातील पाण्याची बाजू मात्र अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नोंदविले आहे की, लढाईच्या रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहान तुकडी एका ओढ्यावर आली. तेथे निजामाचे लोक होते. त्यांनी गोळीबार केला, त्या आवाजाने निजामाच्या छावणीत गोंधळ उडाला आणि निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. निंबाळकर घराण्याशी निगडित असलेला हा भुईकोट पुढे वेढला गेला आणि आत कोंडलेल्या सैन्याचे पाण्यावाचून हाल झाले. ज्या मोहिमेत लाखांच्या संख्येने माणसे व जनावरे उतरली होती, तिचा शेवट एका ओढ्याने आणि एका कोरड्या किल्ल्याने घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता प्रश्न असा की, हा ओढा नेमका कोणता आणि मार्च महिन्यात त्याचे पाणी कोठपर्यंत होते? खर्ड्याच्या शिवारातील कोणत्याही ओढ्याच्या काठावर आज हातातील यंत्र घेऊन उभे राहिले, तर अक्षांश-रेखांश काही क्षणांत मिळतात. परंतु १७९५ च्या मार्चमधील पाण्याची कड त्या यंत्रास सांगता येत नाही. ही अडचण केवळ जुन्या काळापुरती मर्यादित नाही. गेल्या दीड दशकात पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी जे नियम झाले, जे न्यायालयीन आदेश निघाले आणि ज्या मोजण्या सुरू झाल्या, त्या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. बिंदूचे स्थान अचूक सांगणारे साधन आपल्या हाती आले आहे. पाणी कोठे संपते हे ठरविण्याचे काम मात्र अजूनही माणसाचे, कार्यालयाचे आणि दप्तराचेच आहे. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींमधील अंतराचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आघाट ते साखळी

आपल्याकडे हद्द सांगण्याची जुनी रीत ही शब्दांची होती. ताम्रपटांतून दान दिलेल्या गावाचे ‘आघाट’ सांगितलेले असतात. पूर्वेस अमुक गाव, दक्षिणेस नदी, पश्चिमेस वडाचे झाड, उत्तरेस तळे अशा स्वरूपाच्या या चतुःसीमा पुढे इनामपत्रांत आणि आजच्या खरेदीखतातही टिकून राहिल्या. या रीतीत पाणी ही हद्द सांगणारी खूण असते. पाण्याची स्वतःची हद्द कोणी सांगत नाही. ओढा पूर्वेस आहे एवढे पुरे. तो पावसाळ्यात किती पसरतो याची नोंद करण्याची गरज कोणास भासली नाही, कारण गावातील प्रत्येकास ते ठाऊकच होते.

तलावांचीही स्थिती निराळी नव्हती. अहमदनगरजवळील भातोडीचा तलाव निजामशाहीतील. १६२४ साली मलिक अंबरने याच तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजांचा तळ चिखलात अडकविला, हे प्रसिद्धच आहे. तलावाचा काठ एका रात्रीत, एका माणसाच्या हुकमाने, कित्येक शेतांपलीकडे सरकू शकतो याचे इतके बोलके उदाहरण दख्खनच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

इंग्रजी अमलात मोजणी आली ती महसुलासाठी. मुंबई इलाख्यात पुणे भागातील प्रिंगलची मोजणी व आकारणी अव्यवहार्य ठरल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात नव्याने काम सुरू केले. त्यातून तयार झालेल्या पद्धतीला १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित रूप दिले. या मोजणीचे साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे १६ भाग, त्यांना ‘आणे’ म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकू-साखळीने केलेली टिपणे आजही भूमी अभिलेख कार्यालयात आधारभूत मानली जातात. बांधाच्या वादात अखेरचा शब्द बहुधा त्या टिपणाचाच असतो.

या मोजणीत पाण्यास स्थान मिळाले ते वजाबाकीच्या रूपाने. लागवडीस योग्य क्षेत्र किती आणि आकार किती, हा तिचा मुख्य प्रश्न होता. ओढा, तळे, पाणवठा यांखालील जमीन ‘पोटखराब’ म्हणून वेगळी काढली गेली. पोटखराबाचेही दोन वर्ग आहेत. शेतीस निरुपयोगी जमीन एका वर्गात. रस्ता, स्मशान, लोकांच्या वापराचा ओढा किंवा तलाव अशा सार्वजनिक उपयोगाची जमीन दुसऱ्या वर्गात. आज ज्यास आपण पाणथळ जागा म्हणतो तिचे महसुली दप्तरातील पूर्वज शोधावयाचे तर ते या दुसऱ्या वर्गाच्या नोंदींत सापडतात. परंतु तेथे क्षेत्र असते आणि क्वचित आकृती असते. ते पाणी कोणत्या महिन्यातील, याचा उल्लेख नसतो. मोजणीदार पावसाळ्यात शेतात जात नसत. त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि उन्हाळ्यापर्यंत चाले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलनिदर्शक नकाशांचेही काम मुख्यतः याच काळातील. म्हणजे आपल्या जुन्या नकाशांत पाणी दिसते ते वर्षाच्या कोरड्या भागातील. हा मुद्दा लहान वाटला तरी जुन्या गावनकाशाच्या आधारे तळ्याची हद्द ठरवू पाहणाऱ्याने तो सतत ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जामखेड तालुक्यात आणखी एक गुंतागुंत होती. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरच्या काळात या तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात विखुरलेली होती. एकाच ओढ्याचा वरचा भाग एका राज्यात आणि खालचा दुसऱ्या राज्यात अशी परिस्थिती होती आणि दोन्ही राज्यांचे दप्तर वेगळे होते. मुंबई आणि हैदराबाद यांच्या हद्दींतील अशी बेटे १९५० च्या आदेशाने एकमेकांत विलीन झाली. खर्ड्याच्या आसपास आजही अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांच्या सीमा जवळजवळ येतात. पाणलोटाचा अभ्यास करणाऱ्यास तीन जिल्ह्यांच्या कार्यालयांत हेलपाटे घालावे लागतात, त्यामागे हा इतिहास आहे.

त्रिकोणापासून उपग्रहापर्यंत

साखळीची मोजणी गावापुरती खरी असते. एक गाव दुसऱ्या गावाशी आणि सर्व गावे पृथ्वीच्या गोलाशी जोडण्याचे काम त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने केले. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकवत नेली. हे काम करीत असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम चालविले आणि पृथ्वीच्या आकाराचे जे गणिती प्रतिरूप त्याने स्वीकारले, त्यावर भारताचे नकाशे पुढे शतकाहून अधिक काळ बेतलेले राहिले.

ही माहिती येथे देण्याचे कारण निव्वळ ऐतिहासिक नाही. जीपीएस ज्या प्रतिरूपावर आधारलेले आहे ते वेगळे आहे. त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी जुळविलेले आहे; एव्हरेस्टचे प्रतिरूप भारताच्या भूभागास जुळेल असे बसविलेले होते. परिणामी जुन्या स्थलनिदर्शक नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश आणि त्याच ठिकाणी जीपीएसने दाखविलेले अक्षांश-रेखांश यांत आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास फरक पडू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी नव्या प्रतिरूपावरील नकाशांची मालिका निघू लागली. परंतु जुने नकाशे कपाटांतून गेले नाहीत. ज्या अहवालात कोणते प्रतिरूप वापरले याचा उल्लेख नाही, त्यातील तळ्याची हद्द शंभर मीटरने सरकलेली असू शकते, आणि खर्डा परिसरातील पुष्कळ तळ्यांची रुंदी शंभर-दोनशे मीटरच असते.

जीपीएसचे तत्त्व थोडक्यात सांगावयाचे तर असे : उपग्रह आपल्या घड्याळाची वेळ सतत प्रक्षेपित करतो, ग्राहकयंत्र तो संकेत किती उशिरा पोहोचला यावरून अंतर काढते, अशा किमान चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की स्थान निश्चित होते. अमेरिकेच्या लष्करासाठी उभारलेल्या या यंत्रणेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. तोपर्यंत साध्या यंत्रात शंभर मीटरपर्यंतची चूक संभवत असे. त्यानंतर ती दहा-पंधरा मीटरच्या घरात आली. आपल्याकडील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत हातातील यंत्रे दिसू लागली ती त्यानंतरच. भारताच्या स्वतःच्या मालिकेतील, म्हणजे ‘नाविक’मधील, पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा एप्रिल २०१६ मध्ये सोडण्यात आला. सर्व्हे ऑफ इंडियाने स्थिर संदर्भकेंद्रांचे जाळे उभारल्यावर तर ‘रोव्हर’ यंत्राने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान जागेवरच मिळू लागले. शेतजमिनीच्या मोजणीस आलेला भूकरमापक पूर्वी प्लेन टेबल मांडीत असे, मग ईटीएस यंत्र आले, आणि आता तो काठीवर बसविलेला रोव्हर घेऊन बांधावरून चालत जातो. खेड्यातील लोकांनीही हा बदल सहज स्वीकारला आहे, किंबहुना ‘सॅटेलाइटची मोजणी’ म्हटले की भांडण मिटलेच असा एक भाबडा विश्वासही निर्माण झाला आहे.

बांधाच्या बाबतीत हा विश्वास पुष्कळ अंशी सार्थ आहे. बांध जागेवर असतो. पाण्याच्या काठाचे तसे नाही. काठ हा उतार आणि पातळी यांच्या छेदातून तयार होतो आणि पातळी रोज बदलते. त्यात उंचीचा प्रश्न वेगळा. जीपीएस जी उंची देते ती गणिती प्रतिरूपापासूनची असते. धरणाची पातळी मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून सांगितली जाते. दख्खनच्या या भागात या दोहोंत साठ मीटरांच्या आसपास तफावत आहे आणि ती सर्वत्र सारखी नाही. योग्य दुरुस्ती केली तर प्रश्न सुटतो. पण ती अर्ध्या मीटरने जरी चुकली, तरी दोनशेस एक अशा सौम्य उताराच्या काठावर आखलेली रेषा शंभर मीटरने सरकते. शंभर मीटर म्हणजे एखाद्या लहान शेतकऱ्याचे सबंध शेत.

नाथसागराचा काठ

खर्डा आणि जामखेडचे बहुतेक पाणी सीनेकडे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. येथील जलाशय लहान आहेत. याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या खोऱ्यात, पाणथळ जागेच्या हद्दीचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो जायकवाडीच्या नाथसागरावर. म्हणून तेथे थोडे थांबणे उचित होईल.

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरण पैठणला असले तरी फुगवटा वर शेवगाव, नेवासा, गंगापूरपर्यंत पोहोचतो. प्रवरासंगम आणि कायगाव टोका येथील देवालयांच्या घाटांशी ज्या वर्षी धरण भरते त्या वर्षी निराळे पाणी दिसते. धरणाची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर. साठवणक्षमता १०२ अब्ज घनफुटांहून थोडी अधिक, त्यातील सुमारे २६ अब्ज घनफूट मृतसाठा. भूसंपादन झाले ते पूर्ण संचय पातळीच्या हिशेबाने. या रेषेच्या आतील जमीन शासनाची झाली, गावे उठली, माणसे विस्थापित झाली. पण पाणी त्या रेषेपर्यंत पोहोचते ते चांगल्या पावसाच्या वर्षी, काही आठवडे. नंतर ते हटू लागते. कालव्यांचे आवर्तन आणि बाष्पीभवन यांमुळे काठ हळूहळू आत सरकतो आणि मागे सुपीक गाळाची ओली पट्टी उघडी पडते.

या पट्टीस आपल्याकडे ‘गाळपेर’ म्हणतात. ती एकसाली भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत आहे आणि तीत प्रकल्पग्रस्तांस प्राधान्य असते. ज्याची जमीन बुडाली तो माणूस पाणी ओसरले की आपल्याच जुन्या जमिनीवर, आता शासनाचा भाडेकरू म्हणून, हरभरा, गहू किंवा ज्वारी पेरतो. २०१८-१९ च्या दुष्काळात तर शासनानेच गाळपेर क्षेत्रात चारापिके घेण्यास उत्तेजन दिले. दुसऱ्या बाजूस, १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र ३४१.०५ चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले. हिवाळ्यात येणारे पट्टकादंब, करकोचे, चिखलातील किडे टिपणारे लहान पक्षी यांना हवी असते ती खोल पाण्याची जागा नव्हे. त्यांनाही नुकतीच उघडी पडलेली, उथळ पाण्याची आणि ओल्या गाळाची तीच पट्टी हवी असते. पक्षी आणि पेरणी करणारा यांची गाठ पडते ती जीपीएस ज्या रेषेवर उभे करून ‘हद्द’ मोजावयाची त्या रेषेवरच.

एकाच काठावर किती रेषा आहेत हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. जलसंपदा विभागाची संपादन रेषा आहे. वन विभागाची अभयारण्याची सीमा आहे. अभयारण्याभोवती २०१७ साली अधिसूचित झालेल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची सीमा आहे. महसूल विभागाच्या गावनकाशावर बुडालेल्या गटांची जुनी हद्द आहे. आणि शेवटी त्या दिवशीच्या पाण्याची प्रत्यक्ष कड आहे. अलीकडच्या अधिसूचनांना सीमेवरील ठळक बिंदूंचे अक्षांश-रेखांश जोडण्याची पद्धत पडली आहे. ताम्रपटातील आघाट आणि हे परिशिष्ट यांत एका अर्थी थेट नाते आहे; वडाच्या झाडाच्या जागी अंश, मिनिटे आणि सेकंद आले. झाड तोडले जाऊ शकते, अंश तोडता येत नाहीत, हा मोठाच लाभ. मात्र झाड ज्यास दिसत होते त्यास अंश दिसत नाहीत. गाळपेर करणाऱ्यास आपण कोणत्या रेषेच्या आत आहोत हे परिशिष्ट वाचून कळत नाही. कोणी तरी यंत्र घेऊन आले म्हणजे कळते. हद्दीचे ज्ञान गावाच्या स्मरणातून यंत्र बाळगणाऱ्याच्या हाती गेले, ही या सबंध इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सव्वादोन हेक्टरांची चाळणी

आता लहान जलाशयांकडे वळू. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराने पाणथळ जागेची व्याख्या अत्यंत व्यापक केली. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरती, वाहत्या वा साचलेल्या पाण्याची कोणतीही जागा तीत येते. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. या व्याख्येनुसार खर्डा परिसरातील प्रत्येक पाझर तलाव, गावतळे आणि पावसाळ्यात साचणारी खळगी पाणथळच ठरते.

प्रत्यक्षात गणना झाली ती उपग्रह प्रतिमांवरून. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने तयार केलेला राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी २००६-०७ च्या सुमारास घेतलेल्या पावसाळ्यानंतरच्या आणि उन्हाळ्यातील अशा दोन्ही प्रतिमा वापरण्यात आल्या, ही त्याची मोठी जमेची बाजू. त्या संग्रहात २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांच्या सीमा आखल्या आहेत. त्याहून लहान अशा ५,५५,५५७ जागा केवळ बिंदू म्हणून दाखविल्या आहेत. आता हे २.२५ हेक्टर आले कोठून? नकाशाचे प्रमाण १ : ५०,०००. या प्रमाणावर तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दीडशे मीटर. दीडशे मीटर लांब आणि तितकाच रुंद चौकोन म्हणजे बरोबर २.२५ हेक्टर. कागदावर तीन मिलिमीटरांहून लहान आकृती नीट काढता येत नाही, इतकेच त्याचे मूळ. पाणी, पक्षी, मासे, वनस्पती यांच्याशी या आकड्याचा काहीही संबंध नाही.

तरीही तो आकडा कायद्याच्या भाषेत शिरला. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी एम. के. बालकृष्णन प्रकरणात या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. पुढच्या नकाशासंग्रहात ही संख्या २,३१,१९५ झाली आणि ११ डिसेंबर २०२४ च्या आदेशाने राज्यांना या जागांची प्रत्यक्ष स्थळ पडताळणी व सीमांकन तीन महिन्यांत करण्यास सांगण्यात आले. जीपीएसचे काम खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. प्रतिमेवरील रेषा जमिनीवर नेऊन तपासावयाची. त्या प्रतिमेतील एका चित्रघटकाची बाजू साडेतेवीस मीटर आहे, म्हणजे दोन गुंठे रुंदीची चिंचोळी पट्टी तीत दिसतच नाही. सेंटिमीटरची अचूकता असलेले यंत्र घेऊन साडेतेवीस मीटरच्या ठोकळ्यांनी बनलेली रेषा तपासणे, हे काहीसे सोनाराच्या तराजूत कडब्याच्या पेंढ्या तोलण्यासारखे आहे.

शिवाय २०१७ च्या नियमांनी व्याख्याच आकुंचित केली. नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आणि मत्स्यसंवर्धन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामे तीतून वगळली गेली. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात नैसर्गिक तळी मुळातच थोडी. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून जे पाझर तलाव झाले, तेच आज येथील पाणपक्ष्यांचे आणि जनावरांचे आधार आहेत. त्यांचे मूळ मानवी आणि हेतू पाणी मुरविण्याचा. ते सिंचनाचे बांधकाम मानावयाचे की पाणथळ जागा, यावर त्यांचे भवितव्य अवलंबून राहते. गोदावरीवरील नांदूर मधमेश्वर हाही मुळात कालव्यांसाठी बांधलेला बंधाराच. त्याच्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता भाग भिजतो. गाळाने भरत गेल्यामुळे तो पाणथळ झाला आणि २०२० च्या जानेवारीत १,४३७ हेक्टरांचे राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. रामसर स्थळ झाल्यामुळे त्यास नियमांचे छत्र मिळाले. अभियंत्याच्या दृष्टीने जे धरणाचे अपयश तेच निसर्गाच्या दृष्टीने यश ठरले, ही गोष्ट पाझर तलावांच्या बाबतीत विचार करताना विसरता येणार नाही.

पन्नास मीटर कोठून मोजावयाचे?

२०१७ च्या नियमांत एक कलम इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. नियम अमलात आल्याच्या दिनांकापूर्वीच्या दहा वर्षांत आढळलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, बोटींचे धक्के वगळता, कायम स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. नियम सप्टेंबर २०१७ चे. म्हणजे २००७ ते २०१७ या काळातील पाण्याची पातळी माहीत असल्याखेरीज ही रेषा आखताच येत नाही. पन्नास मीटर मोजणे रोव्हरला क्षणाचे काम. ज्या ठिकाणापासून मोजावयाचे ते ठिकाण मात्र उपग्रहाकडे नाही, ते नोंदवहीत आहे.

मोठ्या धरणांची ही नोंदवही असते. धरणावर रोज पातळी वाचली जाते व लिहिली जाते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था जलाशयातील गाळाचा अंदाज घेताना हीच युक्ती वापरते : निरनिराळ्या तारखांच्या उपग्रह प्रतिमा घ्यावयाच्या, त्या तारखांची पातळी नोंदवहीतून काढावयाची आणि कोणत्या पातळीस पाणी किती क्षेत्रावर पसरले हे पाहावयाचे. प्रतिमा, तारीख आणि पातळी ही तीन एकत्र आली म्हणजेच काठास अर्थ प्राप्त होतो. अक्षांश-रेखांशांची कितीही लांब यादी दिली आणि तारीख दिली नाही, तर ती यादी इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

लहान तलावांची स्थिती याहून बिकट. तेथे बहुधा पातळी वाचणारे कोणी नसते. सांडव्यावरून पाणी गेले की तलाव भरला, एवढीच गावची नोंद. परंतु सांडव्याची माथापातळी ही स्थिर वस्तू आहे आणि ती एकदा अचूक मोजली की त्या उंचीची समोच्च रेषा आखता येते. पुराच्या खुणा देवळाच्या पायरीवर, विहिरीच्या कठड्यावर, जुन्या बाभळींच्या बुंध्यावर असतात. माणसांच्या स्मरणात वर्षे असतात. १९७२ चा दुष्काळ किंवा किल्लारीचा भूकंप अशा घटनांशी जोडून विचारले तर वृद्ध माणसे पाणी कोठवर आले होते हे बऱ्याच विश्वासाने दाखवितात. मौखिक इतिहासाची ही साधने भूगोलाच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी यंत्र घेऊन बाहेर पडताना सोबत ठेवली, तर महाविद्यालयाच्या पातळीवरही मोलाचे काम होऊ शकेल. पाणकणीस, लव्हाळे कोठपर्यंत वाढतात, जमीन किती खोल काळी-चिकट आहे, याही खुणा एका दिवसाच्या पाण्यापेक्षा अधिक प्रामाणिक असतात. धरणापूर्वीचे भूदृश्य पाहावयाचे असल्यास १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६० च्या दशकातील छायाचित्रे उपयोगी पडतात. हेरगिरीसाठी घेतलेली चित्रे आज बुडालेल्या गावांच्या अभ्यासास कामी यावीत, हा इतिहासाचा एक विनोदच.

नोंदवह्यांची मात्र काळजी वाटते. शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते. अ वर्गातील कागद कायम ठेवले जातात, बाकीचे ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. पाणीपातळीची रोजची वही कोणत्या वर्गात टाकली जाते यावर तिचे आयुष्य ठरते. ती वही लिहिली गेली तेव्हा तिचा उपयोग कालव्याच्या आवर्तनापुरता होता. पाणथळ जागेची कायदेशीर हद्द तीवर अवलंबून राहील, हे लिहिणाऱ्यास किंवा वर्गीकरण करणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नियमात अभिप्रेत असलेल्या दशकाची पहिली वर्षे आता जवळजवळ दोन दशके जुनी झाली आहेत. मध्यम व लघु प्रकल्पांच्या उपविभागीय कार्यालयांतून या वह्या कपाटाच्या तळाशी किंवा स्थलांतरात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. जिल्ह्यातील इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील एकेका प्रकल्पाच्या वह्या पाहून त्यांची सूची करावी, २००७ ते २०१७ या वर्षांच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि सांडव्याची माथापातळी रोव्हरने मोजून ती सूचीसोबत ठेवावी. स्थळ पडताळणीचे पथक तलावावर येईल तेव्हा त्याच्या हाती यंत्र असेलच. त्या दहा वर्षांचे पाणी कोठे होते हे त्यास या सूचीतून सांगता येईल.